संगणकाच्या पेटीतील वायुप्रवाह व शीतन

रेणूंच्या हालचालींचे अनुकरण, हवामानाची प्रतिमाने, मोठ्या समीकरणसंहतींची उकल इत्यादी दीर्घकाल चालणारी गणने आज विभागातील टेबलावरच्या संगणकावर होऊ लागली आहेत. अशा संगणकाचे शीतन अपुरे पडल्यास तो बहुधा बंद पडत नाही. तो केवळ मंदावतो. इंटेलच्या कोअर आय-९ १३९००के या प्रोसेसरची उष्णतामानाची मर्यादा १०० अंश से. आहे, तर एएमडीच्या रायझेन ९ ७९५०एक्स याची ९५ अंश से. ही मर्यादा गाठताच प्रोसेसर आपली गती स्वतःच उतरवितो. त्यामुळे गणनेस अधिक काळ लागतो, एवढेच नव्हे, तर थंड व उष्ण दिवशी घेतलेल्या कालमापनांची परस्परांशी तुलना करणेही निरर्थक ठरते. यावर सर्रास योजला जाणारा उपाय म्हणजे आणखी एक पंखा बसविणे. हा उपाय कधी लागू पडतो, कधी पडत नाही. असे का व्हावे, आणि पंखा विकत घेण्यापूर्वी काय मोजावे, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

प्रथम ऊर्जेचा हिशेब पाहू. संगणकात शिरणारी विद्युत्‌शक्ती जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णतेत परिणत होते, व ती बाहेर नेण्याचे काम मुख्यत्वे पेटीतून वाहणारी हवा करते. हवेची घनता दर घनमीटरास सुमारे १.२ किलोग्रॅम आणि विशिष्ट उष्मा किलोग्रॅममागे दर अंशास सुमारे १००५ जूल धरल्यास, ५०० वॅट उष्णता नेताना हवा १० अंशांहून अधिक तापू नये यासाठी सेकंदास सुमारे ४१.५ लिटर, म्हणजे तासास सुमारे १५० घनमीटर हवा वाहावयास हवी. प्रवाह निम्मा झाला की तापवाढ दुप्पट होते.

पंख्यासोबत दिलेला प्रवाहाचा आकडा मात्र जपून वाचावयास हवा. नॉक्टुआच्या एनएफ-एफ१२ या १२० मिलिमीटरच्या पंख्याचा प्रवाह तासास ९३.४ घनमीटर, व दाब पाण्याच्या २.६१ मिलिमीटर उंचीइतका दिलेला आहे. यांपैकी पहिला आकडा रोध मुळीच नसताना, तर दुसरा प्रवाह पूर्णपणे अडविला असताना मिळतो. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. जाळी, धुळीची गाळणी व वायरींचे जुडगे यांमुळे होणारा दाबाचा ऱ्हास प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पंख्याचा वक्र व पेटीचा वक्र जेथे परस्परांस छेदतात, तोच खरा प्रवाह होय. म्हणूनच दाट जाळीमागे दुसरा पंखा शेजारी बसविल्याने प्रवाह दुप्पट होत नाही. उलट जाळी स्वच्छ केल्यास तो खर्चाविना वाढतो. फेरे वाढविण्याचा मार्गही महाग पडतो. फेरे दुप्पट केले असता प्रवाह दुप्पट होतो खरा, परंतु शक्ती आठपट लागते व आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो.

प्रवाह पुरेसा असला तरी तो योग्य मार्गाने जाईलच असे नाही. उष्ण हवा वर जाते या नियमावर येथे फारशी भिस्त ठेवता येत नाही. ४५ सेंटिमीटर उंचीच्या पेटीत १० अंशांच्या फरकाने उत्पन्न होणारा उत्प्लावक दाब केवळ ०.१८ पास्कल भरतो. उपरोक्त पंख्याचा कमाल दाब मात्र सुमारे २५ पास्कल आहे. तेव्हा हवेची दिशा पंखेच ठरवितात. पुढच्या कडेजवळ वरच्या बाजूस बसविलेला बहिर्गामी पंखा थंड हवा प्रोसेसरपर्यंत पोचण्यापूर्वीच बाहेर फेकू शकतो, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली पेटी स्वतःचीच उष्ण हवा पुन्हा आत ओढते. मार्गाचे हे महत्त्व ओळखून इंटेलने २००४ मध्ये बीटीएक्स ही रचना बाजारात आणली. तीत प्रोसेसर पुढील पंख्यासमोर सरळ रेषेत येत असे. परंतु २००६ मध्ये इंटेलने तिचा विकास थांबविला, आणि १९९५ पासूनची एटीएक्स रचनाच प्रचारात राहिली. परिणामी मार्ग आखण्याची जबाबदारी पेटी जुळविणाऱ्यावरच आहे.

प्रोसेसरचे उष्णतामान तीन पायऱ्यांनी चढते : खोलीची हवा, पेटीतील हवा व हीट सिंक. समजा, खोली २७ अंशांवर आहे, पेटीत हवा १० अंशांनी तापते आणि प्रोसेसरची उष्णता १५० वॅट असून हीट सिंकचा रोध वॅटमागे ०.३ अंश आहे. तर प्रोसेसर २७ + १० + ४५, म्हणजे ८२ अंशांवर राहील. हाच संगणक नागपुरास मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ठेवल्यास बेरीज ९५ होईल. तेथे गाळणी तुंबून प्रवाह निम्मा झाला, तर ती १०५ वर जाईल व गती अवश्य उतरेल.

यावरून निदानाची रीत निघते. संगणक तासभर पूर्ण भाराखाली चालवून तीन फरक मोजावेत. बाहेर पडणारी हवा खोलीहून फार उष्ण असल्यास प्रवाहच अपुरा आहे; गाळणी व जाळी आधी पाहावी, पंखा नंतर. ही हवा माफक उष्ण, परंतु प्रोसेसरच्या पंख्यापाशी शिरणारी हवा त्याहूनही तापलेली असल्यास मार्ग चुकला आहे. पंख्यांच्या जागा व दिशा बदलाव्यात. ही हवाही थंड असून प्रोसेसरच तापत असल्यास दोष हीट सिंकचा किंवा त्याखालील उष्णतावाहक लेपाचा. तिन्ही फरक योग्य असतील, तर पेटीत काही करण्याजोगे उरत नाही. खोलीच थंड करावयास हवी. अंतर्गामी प्रवाह बहिर्गामी प्रवाहाहून किंचित अधिक ठेवल्यास हवा बहुतांशी गाळणीतूनच आत येते व फटींतून धूळ शिरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

हवेच्या मापनांस एक साधा तापमापक पुरेसा आहे. नवा पंखा वा वातानुकूलन यंत्र यांवर विभागाचा पैसा खर्च होण्यापूर्वी ही मापने वहीत नोंदविलेली असावीत, आणि प्रत्येक दीर्घ गणनेच्या कालमापनासोबत खोलीचे उष्णतामानही लिहून ठेवावे.