मुलांचे व्यसन आणि सोबत्याची जबाबदारी

व्यसन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दारूचा गुत्ता येतो. परंतु लहान मुलाचे व्यसन बहुधा तेथे सुरू होत नाही. ते शाळेच्या वाटेवरील टपरीमागे किंवा स्टेशनच्या फलाटावर सुरू होते. आणि पहिली पुडी अनेकदा अनोळखी माणूस नव्हे, तर सोबतीच पुढे करतो. "एकदा घेऊन तर बघ" असे मित्र म्हणतो, म्हणूनच नकार देणे मुलाला जड जाते.

महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. मात्र पंक्चरचे सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर या नेहमीच्या कामाच्या वस्तू असल्याने त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्या हुंगल्या की टोल्युइनसारखी रसायने काही क्षणांत मेंदूपर्यंत पोहोचतात. भूक, थंडी, एकटेपणा यांचा तात्पुरता विसर पडतो. म्हणून रस्त्यावरची मुले त्यात लवकर सापडतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या नशेचे प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के आढळले. मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक आढळलेली ही एकच नशा होय.

विवेक सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग विशी ओलांडेपर्यंत पक्का होत नाही. त्यामुळे कोवळ्या वयात लागलेली सवय घट्ट रुजते.

कपड्यांना रसायनाचा वास, तोंडाभोवती पुरळ, वाहणारे नाक, लाल डोळे, अभ्यासातून उडालेले लक्ष, ही लक्षणे पालकांनी ओळखावीत. मूल नशेत असताना त्याला मारू नये, त्याच्यामागे धावू नये. अशा वेळी अचानक भीती किंवा धावपळ झाल्यास हृदयाचे ठोके बिघडून मृत्यूही ओढवू शकतो. त्याला मोकळ्या हवेत शांत बसवावे. श्वास किंवा शुद्ध मंदावल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. नशा उतरल्यावर प्रेमाने बोलावे व उपचार सुरू करावेत. मदतीसाठी मुलांकरिता १०९८ आणि व्यसनमुक्तीकरिता १४४४६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

पाचवे शील आपण सर्व जण म्हणतो. परंतु तंबाखूची पुडी आणायला मुलालाच टपरीवर पाठविले, तर ते शील ओठांवरच राहते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचा सोबती हुंगताना दिसला तर त्याची चेष्टा करू नका आणि ती गोष्ट लपवूही नका. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. ही चहाडी नव्हे, त्याचा जीव वाचविणे आहे. त्याला खेळात, अभ्यासिकेत आपल्याबरोबर घ्या. सोबतीने लागलेली सवय सुटायलाही सोबतच लागते.