सेट ऐकतो, पण बोलत नाही

मोबाईल हातोहाती आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता वॉकीटॉकी भंगारात जाणार. पण मैत्रिणींनो, संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळ्याला माणसांचा महापूर येतो, तेव्हा गर्दीतून घरी फोन लावून बघा. लागतच नाही. एकाच टॉवरवर हजारो फोन तुटून पडलेले असतात. आषाढीला पंढरपुरातही तीच गत. अशा वेळी बंदोबस्तावरच्या माणसाच्या हातातला तो काळा, जाडजूड सेट कामाला येतो. दोन सेट एकमेकांशी थेट बोलू शकतात, मधे टॉवर लागत नाही. हरवलेलं लेकरू, चक्कर आलेली आजी, अडलेली अ‍ॅम्ब्युलन्स, सगळ्यांचा निरोप त्यावरून जातो.

मी हे जुने सेट दुरुस्त करते. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि लग्नानंतर सासऱ्यांच्या रेडिओ-टीव्हीच्या दुकानात बसू लागले. जुने डबा टीव्ही गेले तसं ते काम आटलं, पण वॉकीटॉकी येत राहिले. पोलिसांचे सेट त्यांच्या बिनतारी विभागातच दुरुस्त होतात. माझ्याकडे येतात ते साखर कारखान्याच्या गेटवरचे, सिक्युरिटीवाल्यांचे, मंगल कार्यालयांचे. नवीन गिऱ्हाईक अजूनही विचारतं, "मालक कुठायत?" मी म्हणते, "बोला की, मालकच बोलतेय."

झोपाळू ठरलेली बाई

एकदा रात्रपाळीची एक गार्डबाई सेट घेऊन आली, सोबत स्टोअरची चिठ्ठी. तक्रार अशी, की कंट्रोल रूममधून हाक मारली की बाई उत्तर देत नाहीत, ड्युटीवर झोपतात. दोन दिवसांचा पगारही कापला होता. ती म्हणाली, "ताई, मला सगळं ऐकू येतं हो. मी ओरडून ओरडून उत्तर देते. ते आपले हाका मारतच राहतात."

मी बॅटरी मीटरला लावली. साडेसात व्होल्ट! म्हणजे दिसायला ठणठणीत. मग सेटला लावून बोलायचं बटण दाबून धरलं, तर आकडा झपकन साडेपाचच्या खाली आला.

यामागचं कारण सोपं आहे. ऐकताना सेट अगदी थोडा करंट खातो. पण पाच वॅटचा सेट बोलायला लागला, की सव्वा-दीड अँपिअर ओढतो. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीत १.२ व्होल्टचे सहा सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एकजरी म्हातारा झाला, तरी ओझं पडताच सगळी बॅटरी गुडघे टेकते. म्हणून सेट ऐकतो, पण बोलत नाही. बाई जागी होती, बॅटरी झोपली होती.

मी दोन्ही आकडे कागदावर लिहून, खाली सही-शिक्का मारून दिला. तिचे कापलेले पैसे पुढच्या पगारात मिळाले. शिवाय तिथले बाकीचे अकरा सेट तपासायला आले. त्यातल्या चार बॅटऱ्या तशाच निघाल्या. आणखी किती जणींनी बोलणी खाल्ली असतील, देव जाणे!

आधी सोपं, मग अवघड

या कामात पहिला नियम म्हणजे लगेच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही. चांगल्या सेटची बॅटरी बिघडलेल्या सेटला लावून बघायची. मग अँटेना बदलून बघायचा. रबराच्या आत वायर तुटलेली असते, वरून कळत नाही. कधी कधी तर कुणीतरी दुसऱ्याच पट्ट्याचा अँटेना लावून ठेवलेला असतो. व्हीएचएफचा लांब, यूएचएफचा बुटका. आणि अँटेना नसताना बोलायचं बटण चुकूनसुद्धा दाबायचं नाही. बाहेर न गेलेली ताकद उलटी फिरते आणि आतला महागडा ट्रान्झिस्टर जळू शकतो.

सेट मुका झाला असेल तर मॉनिटरचं बटण दाबायचं. खरखर ऐकू आली म्हणजे स्पीकर शाबूत. मग चॅनल बघायचा आणि 'टोन' बघायचा. टोन म्हणजे कानाला न कळणारी एक बारीक खूण. ती दोन्ही सेटमध्ये जुळली नाही, तर समोरच्याचा आवाज येऊनही आपला सेट तोंड उघडत नाही. खरखरही आली नाही, तर बाहेरचा माईक लावायच्या छिद्रात बघायचं. सोलापूरची धूळ तुम्हाला माहीतच आहे! तिथली पत्ती अडकली, की सेटला वाटतं बाहेर माईक लावलाय, आणि आतला स्पीकर बंदच राहतो.

एवढं करून भागलं नाही, तरच सेट उघडायचा. पडून पडून सुटलेले टाके, ज्यांना आम्ही 'ड्राय सोल्डर' म्हणतो, भिंगातून शोधायचे आणि पुन्हा सोल्डर मारायचं. मोटोरोला जीपी ३०० सारख्या जुन्या सेटचे चॅनल भरायला मी एक जुनापुराणा डॉसवाला कॉम्प्युटर जपून ठेवलाय. ते सॉफ्टवेअर नव्या वेगवान मशीनवर नीट चालत नाही. घरचे त्याला 'अडगळ' म्हणतात, पण ही अडगळ पैसे कमावते!

शेवटची परीक्षा लांबून घ्यायची. टेबलावर हातभर अंतरावर तुटक्या अँटेनाचा सेटही झकास बोलतो, आणि मैदानात गेला की मान टाकतो. म्हणून मी एक सेट सासूबाईंच्या हातात देते आणि त्यांना गल्लीच्या टोकाला पाठवते. 'रॉजर', 'ओव्हर' त्यांना मान्य नाही. "येतंय की गं ऐकायला, आता भाजी घेऊनच येते," एवढं स्पष्ट आलं, की सेट पास.

बायकांचं काम नाही?

असं म्हणणाऱ्यांना मी भारती प्रसाद यांचं नाव सांगते. त्या हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओ चालवणाऱ्या. डिसेंबर २००४ मध्ये त्या एका पथकाबरोबर अंदमानात रेडिओ केंद्र चालवायला गेल्या होत्या. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, फोन बंद पडले. तेव्हा पोर्ट ब्लेअरहून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रेडिओवरून निरोप पोचवले. आपल्या शेजारी किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हाही हॅम मंडळी सेट घेऊन धावली होती. दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हा परवाना बाईलाही मिळतो. कायदा बाई-पुरुष बघत नाही.

कायद्यावरून आठवलं. साधारण वॉकीटॉकीला परवाना लागतो. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे सेट तेवढे त्यातून वगळलेत. ऑनलाइन वाटेल ते सेट विकले जाऊ लागले, म्हणून केंद्र सरकारने २०२५ मध्ये विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेव्हा स्वस्त मिळतोय म्हणून सोसायटीसाठी सेट मागवण्याआधी तो कुठल्या पट्ट्यातला आहे, हे विचारा. माझ्याकडे कुणी "पोलिसांचं ऐकू येईल असं करून द्या" म्हणत आलं, तर त्याला मी दाराचा रस्ता दाखवते.

सेट सांभाळणाऱ्या मैत्रिणींसाठी

* सेट उन्हात, गाडीच्या काचेखाली ठेवू नका. आपल्या मे महिन्यात बॅटरी तिथेच संपते.
* बॅटरीच्या पट्ट्या आठवड्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसा. फुटलेल्या निकेल-कॅडमियम सेलची पांढरी पूड दिसली तर हातमोजे घाला. व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या बोळ्याने पट्ट्या पुसा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून वाळवा.
* निकेल-कॅडमियम बॅटरी घंटागाडीत टाकू नका, जाळू तर मुळीच नका. कॅडमियम विषारी असतं. ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.
* सोल्डरमध्ये शिसं असतं. काम खिडकीशी करा आणि कणकेत हात घालण्याआधी साबणाने स्वच्छ धुवा.
* पाळी सुरू होताना नुसतं "ऐकू येतंय" यावर थांबू नका. बटण दाबून बोला आणि समोरून उत्तर आल्याची वेळ वहीत लिहा.

ही शेवटची सवय फुकटातली आहे, पण नोकरी वाचवणारी आहे. आणि सुपरवायझर मंडळींनाही एक सांगणं आहे. सेट गप्प झाला तर आधी बॅटरी बदलून बघा. बाईला बोल लावायचं नंतर बघू.