हृदयाची जन्मजात आडवाट

५ जानेवारी १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे, एका चर्चच्या क्रीडागृहात मित्रांसमवेत बास्केटबॉल खेळताना पीट मॅराविच कोसळले व तेथेच त्यांचा अंत झाला. वय अवघे ४०. दहा हंगाम व्यावसायिक सामने गाजविलेल्या या खेळाडूचे शवविच्छेदन झाले तेव्हा कळले की, त्यांच्या हृदयास डावी कोरोनरी धमनी जन्मतःच नव्हती. उजवी एकटीच सारा भार वाहत आली होती.

महाधमनीच्या मुळाशी उजवी व डावी अशा दोन कोरोनरी धमन्या उगम पावतात आणि हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवितात. सुमारे शंभरात एका व्यक्तीत त्यांचा उगम वा मार्ग वेगळा असतो. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर उपद्रव होत नाही. पन्नाशीत दुसऱ्याच कारणासाठी अँजिओग्राफी होते आणि ही गोष्ट अवचित उजेडात येते. त्याने घाबरून जाऊ नये. खरा धोका काही थोड्या रचनांत असतो. डावी धमनी उजव्या बाजूस उगम पावून महाधमनी व फुफ्फुसधमनी यांच्या मधून जाते, ती त्यांतील प्रमुख. श्रमाच्या वेळी हृदयाची रक्ताची गरज वाढते आणि नेमकी तेव्हाच ही धमनी उगमाशी दबते. विश्रांतीत काढलेला ईसीजी निर्दोष येतो. ट्रेडमिल चाचणीही कधी कधी फसवते.

आपल्या घरांत मद्य-मांस वर्ज्य, रात्रिभोजनाचा त्याग. म्हणून हृदयविकार आपला उंबरा ओलांडणार नाही, असा एक भाबडा विश्वास आढळतो. ही रचना तर गर्भातच घडते. आहारशुद्धीने ती बदलत नाही, तशीच कोणाच्या पथ्यातील चुकीने ती येतही नाही. शरीराची घडण नामकर्माच्या उदयाने होते, हे आपण मानतो. परंतु त्यावरून तपासणी टाळावी, असा अर्थ काढणे मला मान्य नाही.

शिखरजीची २७ किलोमीटरची वंदना करताना, वा दुकानात माल उचलताना तरुण मुलाच्या छातीत दुखले, त्याला भोवळ आली, तर घरातील वडीलधारी मंडळी ‘पित्त झाले असेल’ म्हणून लिंबूपाणी देतात. श्रम करता करता आलेली मूर्च्छा पित्ताच्या खाती टाकू नये. हृदयरोगतज्ज्ञांकडे जावे आणि धमन्यांचा उगम कोठे आहे, हे स्पष्ट विचारावे. सीटी कोरोनरी अँजिओग्राफीत तो नेमका दिसतो. धोक्याची रचना असल्यास शस्त्रक्रियेने धमनीचा मार्ग मोकळा करता येतो. काहींना केवळ नियमित देखरेख पुरते.