नातेपुत्याहून एव्हरेस्ट बेस कॅम्प 🏔️

२०१२ साली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ची मोहीम एव्हरेस्टवर पोचली, तेव्हा लहानपणापासूनचं वेड आणखी पक्कं झालं. शिखर नाही, पण यंदा बेस कॅम्प गाठला. उंची ५,३६४ मीटर! बरेच जण विचारतायत, म्हणून इथेच सगळं लिहितो.

👉 सराव: लांब कशाला जाता? चैत्रात कावडी चढतात तो मुंगी घाट आहे की! कोथळ्याच्या बाजूने शिंगणापूर गाठायचं, पाठीवर सात-आठ किलोची सॅक घेऊन. उतरताना गुडघ्यांचा खरा कस लागतो.

👉 उंची: आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. तिकडे चालायला सुरुवातच लुक्लाहून, म्हणजे २,८६० मीटरवरून. बेस कॅम्पला हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. म्हणून ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज साधारण ५०० मीटरच वाढवायची. नामचे बाजार आणि दिंगबोचेचा जादा मुक्काम टाळू नका. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर लगेच सांगा; त्रास वाढला तर खाली उतरायचं, हट्ट नको. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

👉 दर्शन: बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर नीट दिसतच नाही! त्यासाठी गोरक्षेपहून पहाटे काला पत्थर चढायचा. पाण्याची बाटली जाकिटाच्या आत ठेवा, बाहेर ठेवली की तोंडाशी बर्फ धरतो.

👉 हंगाम: मार्च ते मे, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर.

रविवारी मुंगी घाटाला कोण कोण येतंय? कमेंटमध्ये हजेरी लावा!