जामीनदार आणायचा कोठून?

लातूरच्या गंज गोलाईत 16 रस्ते एकत्र येतात. फैयाजुद्दीन यांनी 1917 मध्ये आखलेली ही पेठ आजही गजबजलेली असते. नांदेडला इतवारा आणि देगलूर नाक्यावरही गर्दी कमी नाही. पण गर्दी वेगळी आणि भांडवल वेगळे, हे आपणा कापडवाल्यांना सांगायला नको. रमजान, दिवाळी आणि लग्नसराईच्या अगोदर माल भरावा लागतो. सुरत, भिवंडी, इचलकरंजीचे व्यापारी उधारीवर माल देतात. परंतु नगदीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा. मीटरमागे रुपया-दीड रुपया थोडा वाटतो, पण ताके मोजायला बसलो की नफा तेथेच गेलेला असतो.

सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. केंद्राचे अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ 1994 मध्ये निघाले, राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ 2000 मध्ये. राज्य महामंडळाचे भागभांडवल 700 कोटींवरून 1000 कोटींवर नेण्यास 2024 मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरीही दिली. गाडे अडते ते जामिनावर. कर्ज पाहिजे तर पगारदार जामीनदार आणा, नाही तर स्थावर तारण द्या.

आता सच्चर समितीचा 2006 चा अहवाल पाहा. लोकसंख्येत मुसलमान 13.4 टक्के, तर भारतीय प्रशासकीय सेवेत 3 टक्के आणि पोलीस सेवेत 4 टक्के. म्हणजे ज्या समाजात सरकारी नोकरदार मुळातच थोडे, त्याच समाजाकडे त्याच्या भल्याची योजना नोकरदार मागते! मोहल्ल्यात एखादे गुरुजी असतात. त्या बिचाऱ्यांनी किती जणांसाठी सही करावी? तारण म्हणावे तर घर चार भावांत सामाईक, आणि दुकान वक्फच्या जागेत असेल तर ती जागा गहाण ठेवताच येत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या पुष्कळ भावांना ठाऊक नसते. लहान उद्योगांच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जास बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश 2010 पासून आहे. 2015 ची मुद्रा योजनाही बिनतारणाचीच. तरीही शाखेत घराचे कागद मागितले तर वाद घालू नये. अर्जाची पोच घ्यावी, नकार लेखी मागावा आणि तो जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे न्यावा. तोंडी नकाराची दाद कोणी घेत नाही.

सूद नको म्हणून बँकेची पायरी न चढणारेही आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी बिनव्याजी बँकव्यवस्थेचा विचार झाला होता, पण रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये तो सोडून दिला. त्यांना जमातीच्या फंडाशिवाय आज तरी दुसरा आधार नाही.

महामंडळाकडे आमचे मागणे फार मोठे नाही. पगारदाराच्या जागी जीएसटी भरणारे दोन व्यापारी जामीन म्हणून चालावेत. बाजारात कोणाची देणी वेळेवर फिटतात, हे शेजारच्या दुकानदाराइतके दुसऱ्या कोणाला माहीत असते?