जुनाट दुखण्यावर 'विजया' आणि योग एकत्र: कायदा काय सांगतो, संशोधन काय म्हणतं?

कंबर, गुडघे, मान. तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर 'क्रॉनिक पेन' म्हणतात. त्याला कंटाळलेल्यांना सध्या मोबाइलवर एक जाहिरात दिसते: तेलाची छोटी बाटली, नाव 'विजया', सोबत योगासनं आणि आहाराचा सल्ला. विजया म्हणजे भांग.

मग हे कायदेशीर आहे का?

आहे, पण अटींसह. १९८५च्या एनडीपीएस कायद्यात चरस म्हणजे झाडाची राळ आणि गांजा म्हणजे फुलांचे, फळांचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया 'गांजा'च्या व्याख्येतून वगळल्या आहेत. पानांपासूनची आयुर्वेदिक औषधं याच फटीतून बाजारात येतात. मात्र औषध नियमांच्या 'ई-१' परिशिष्टात, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, भांग आहे. त्यामुळे 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना लेबलवर छापावी लागते. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदाही भांगेवर नियंत्रण ठेवतो. म्हणून वैद्यांची चिठ्ठी आणि बिल जपून ठेवलेलं बरं.

आणखी एक गोंधळ. किराणा सामानासोबत मिळणारं 'हेम्प सीड ऑइल' वेगळं. ते बियांचं खाद्यतेल असतं, त्यात वेदनेवर काम करणारे घटक जवळपास नसतात. दुखण्यासाठी ते महागड्या दरात घेणं म्हणजे निव्वळ पैसे वाया.

दुखणं खरंच कमी होतं का?

थोडं, आणि थोड्यांचंच. भांगेतले मुख्य घटक दोन: नशा आणणारा टीएचसी आणि नशा न आणणारा सीबीडी. २०२१मध्ये 'बीएमजे'त आलेल्या मार्गदर्शक सूचनांसाठी ३२ चाचण्या तपासल्या गेल्या. जाणवेल इतका आराम पडलेल्यांचं प्रमाण खोट्या औषधाच्या तुलनेत साधारण १० टक्क्यांनी जास्त होतं. गुंगी, चक्कर, लक्ष न लागणं हे त्रासही वाढले. नेहमीचे उपचार पुरेसे नसतील तर ओढायचं नाही अशा स्वरूपात, जोडीला वापरून बघा, अशी सौम्य शिफारस त्या सूचनांत आहे. ब्रिटनची 'नाइस' संस्था मात्र जुनाट वेदनेसाठी, संशोधनाबाहेर, ही औषधं देऊ नका असं सांगते. वेदनेवर काम करणाऱ्या 'आयएएसपी' या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२१मध्ये सरसकट पाठिंबा नाकारला.

गंमत म्हणजे जाहिरातीत 'सोबत' म्हणून येणाऱ्या गोष्टींची बाजू जास्त भक्कम आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी गोळ्यांआधी व्यायाम, योग, ताई ची, अॅक्युपंक्चर, माइंडफुलनेस सुचवलं होतं. दोन्ही एकत्र केल्याने फायदा दुप्पट होतो, याला मात्र ठोस आधार नाही.

एकत्र करताना धोका कुठे?

चक्कर येणाऱ्या औषधावर असताना साठीतल्या काकूंनी एका पायावर वृक्षासन करणं पडायला निमंत्रण. प्रीगॅबालिन, झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत असेल तर गुंगी वाढते. अशा वेळी दुचाकी नकोच. सीबीडी यकृतातल्या एंझाइमना अडवतो, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचं प्रमाण शरीरात वाढून रक्तस्राव होऊ शकतो. गर्भवती, स्तनदा माता आणि स्वतःला वा घरात कुणाला सायकोसिसचा आजार असलेल्यांनी टीएचसी टाळावं.

'आयुर्वेदिक आहे, त्यात काय' म्हणून अनेक जण हे अॅलोपॅथीच्या डॉक्टरांना सांगतच नाहीत. खरा धोका तिथे आहे. काही जण तर आधीच्या गोळ्या परस्पर बंद करतात.

सुरू करायचंच असेल तर दोन्ही एकाच आठवड्यात नको. आधी व्यायाम किंवा योग काही आठवडे करावा, रोजचं दुखणं शून्य ते दहाच्या मापात वहीत लिहावं. मग वैद्य आणि डॉक्टर दोघांना सांगून, कमीत कमी मात्रेपासून, रात्रीच्या वेळी औषध घ्यावं. वहीतला आकडा हललाच नाही, तर बाटली बंद करायची की नाही हे त्यांनाच विचारावं.