टर्म विम्याच्या अर्जाला इतका वेळ का लागतो?
ऑनलाइन फॉर्म पटकन भरून होतो, पण टर्म पॉलिसी हातात यायला कधी काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. हा वेळ जातो तुमची जोखीम जोखण्यात: रक्त-लघवी तपासणी, ईसीजी, उत्पन्नाचे पुरावे, तंबाखूची सवय, आईवडिलांचे आजार. मधुमेह किंवा जुनं ऑपरेशन असेल, तर आणखी कागद मागतात. मला हे रास्तच वाटतं. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षं उलटल्यावर कंपनीला पॉलिसीवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही, म्हणून चौकशी आधीच होते. लवकर व्हावं म्हणून एजंटला ‘आजार नाही’ असं मुळीच लिहू देऊ नका! शिवाय मार्च २०२५ पासून ‘बीमा-अस्बा’ची सोय आहे: यूपीआयवरून प्रीमियमची रक्कम खात्यातच राखून ठेवली जाते आणि प्रस्ताव मंजूर झाल्यावरच कापली जाते.